विश्लेषण : युट्यूब असताना सरांच्या तासाला का बसायचं? जालन्यात ‘बिझनेस’ शिकवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जालन्यात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. बियाण्यांच्या कंपन्या, सळईच्या रोलिंग मिल, मोसंबीच्या बागा, रेशीम कोषांचा बाजार आणि या सगळ्यांचा पैसा जिथे फिरतो तो मोंढा. व्यवहार शिकायला एवढी मोठी प्रयोगशाळा मराठवाड्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. याच जिल्ह्यात बीकॉम, बीबीए, एमबीए शिकणाऱ्या मुलांना विचारा, वर्गात शेवटचं उदाहरण कोणत्या कंपनीचं ऐकलं? उत्तरात ॲपल, ॲमेझॉन, मॅकडोनाल्ड्स अशी नावं येतात. एमआयडीसीतली भट्टी किंवा बदनापूरची बाग त्यात नसते.

आणि ॲपलचं उदाहरण ऐकायचंच असेल तर ते मोबाइलवर जास्त चांगलं, चित्रांसह आणि फुकट मिळतं. म्हणूनच हजेरीचा नियम सोडला तर तासाला यावं असं काय आहे, हा प्रश्न मुलं आता तोंडावर विचारू लागली आहेत. प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त आहे. त्याचं उत्तर शिक्षकाच्या स्वतःच्या शिकवण्याच्या शैलीत आहे, असं म्हणतात. पण शैली म्हणजे काय आणि ती येते कुठून, हे जरा नीट पाहू.

‘स्वतःची शैली’ म्हणजे नेमकं काय?

शैली म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो. खणखणीत बोलणारे सर, शेरोशायरी पेरणारे सर, विनोद करून वर्ग हसवणाऱ्या मॅडम. निरोप समारंभात मुलं नक्कल करतात ती याच गोष्टींची. पण या लकबी झाल्या. त्या प्रत्येकाला जन्मतः किंवा सवयीने मिळतात, आणि त्या नसल्या तरी माणूस उत्तम शिकवू शकतो.

शैली खऱ्या अर्थाने दिसते ती शिक्षक तासाभरात जे लहान लहान निर्णय घेतो त्यांत. तास व्याख्येने सुरू करायचा की प्रश्नाने? उदाहरण कुठलं घ्यायचं? मुलाचं उत्तर चुकलं तर पुढच्याला विचारायचं, की ‘असं का वाटलं?’ म्हणून तिथेच थांबायचं? आपल्याला उत्तर माहीत नसेल तर काय करायचं? दोन शिक्षक एकच धडा एकाच पुस्तकातून शिकवतात आणि दोन वेगळे तास होतात, ते या निर्णयांमुळे.

मी इंजिनीअरिंगचा. आम्हाला व्यवस्थापनाचा एक पेपर होता आणि तो शिकवणारे सर पडद्यावरच्या स्लाइड वाचायचे. आवाज चांगला होता, इंग्रजी उत्तम होतं, त्या पेपरातलं आज काहीही आठवत नाही. उलट वर्कशॉपमध्ये लेथवर एक निदेशक होते. ते फार बोलायचे नाहीत. मशीन सुरू करायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचे, ‘टूल बोथट झालंय का? आवाजावरून सांगा.’ त्यांना कुणी प्रभावी वक्ता म्हटलं नसतं. पण दहा वर्षांनंतर मला तो आवाज अजून ओळखता येईल. त्यांची शैली त्या एका प्रश्नात होती.

मुलांना तास आवडला म्हणजे मुलं शिकली का?

इथे एक जुना आणि मजेशीर प्रयोग सांगायला हवा. १९७३ मध्ये अमेरिकेत त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशा जाणत्या श्रोत्यांसमोर ‘डॉ. मायरन फॉक्स’ नावाच्या विद्वानाचं व्याख्यान ठेवलं गेलं. विषय होता, गणिती गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण. प्रत्यक्षात हे डॉक्टर म्हणजे एक अभिनेता होता. त्याला विषयातलं काही येत नव्हतं. व्याख्यानात मुद्दाम परस्परविरोधी आणि निरर्थक विधानं भरलेली होती, पण बोलणं आत्मविश्वासाचं, खेळकर आणि विनोदी होतं. नंतर श्रोत्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले तेव्हा बहुतेकांनी व्याख्यानाचं कौतुक केलं. शिक्षणशास्त्रात याला आजही ‘डॉ. फॉक्स परिणाम’ म्हणतात.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २०१९ चा, हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला. मुलांचे दोन गट केले. एकाला अनुभवी प्राध्यापकांनी छान, ओघवतं व्याख्यान दिलं. दुसऱ्याला तोच मजकूर देऊन आधी गटात गणितं सोडवायला लावली, मग समजावलं. चाचणीत दुसरा गट पुढे राहिला. पण ‘आपण किती शिकलो असं वाटतं?’ या प्रश्नावर व्याख्यान ऐकलेल्या मुलांनी स्वतःला जास्त गुण दिले. डोकं चालवताना त्रास होतो आणि त्या त्रासाला आपण ‘समजलं नाही’ असं समजतो. ओघवतं बोलणं ऐकताना सगळं सोपं वाटतं, म्हणून समजल्यासारखं वाटतं.

हे जालन्याला का लागू होतं? कारण आपल्या कॉलेजांतही नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षण होतं. ते असावंच, वर्गाला दांडी मारणारे किंवा मुलांना हिणवणारे शिक्षक त्यातूनच कळतात. पण ‘समाधान’ आणि ‘शिकणं’ एकच धरलं तर नव्या शिक्षकाला चुकीचा संदेश जातो. तो डॉ. फॉक्स व्हायला लागतो. (डिजिटल डेस्कवर आम्हाला हा आजार चांगला परिचयाचा आहे. ज्या मथळ्यावर सर्वांत जास्त क्लिक पडतात ती बातमी सर्वांत जास्त वाचली जाते असं मुळीच नाही.)

हार्वर्डची ‘केस’ पद्धत आपल्याकडे का गडबडते?

व्यवसाय शिक्षणात जगभर सर्वांत नावाजलेली पद्धत म्हणजे केस पद्धत. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि त्याने ही कल्पना शेजारच्या कायद्याच्या वर्गातून उचलली. एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच दहा-वीस पानांत लिहून द्यायचा, मुलांनी घरून तो वाचून यायचा, आणि वर्गात शिक्षकाने उत्तर न सांगता वाद घडवून आणायचा. भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयआयएम अहमदाबादने हार्वर्डच्या सहकार्याने ती रुजवली. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवरही हार्वर्डने २०१० मध्ये केस प्रसिद्ध केली. आता गंमत पाहा, त्या डबेवाल्यांची गोष्ट आपल्याकडच्या वर्गात अनेकदा इंग्रजी स्लाइडवरून येते, वाया बोस्टन.

तरुण प्राध्यापक एखाद्या कार्यशाळेतून उत्साहाने परततात आणि हीच पद्धत आपल्या वर्गात जशीच्या तशी लावतात. पहिल्याच दिवशी फसगत होते. केस इंग्रजीत, वीस पानांची. अंबड, परतूर, भोकरदनहून एसटीने येणाऱ्या मुलाने रात्री ती वाचलेली नसते, कारण संध्याकाळी तो दुकानावर किंवा शेतात होता. हार्वर्डच्या वर्गात सुमारे नव्वद जण असतात आणि चर्चेतल्या सहभागाला मोठे गुण असतात. इथे पटावर शंभर, वर्गात बावीस, आणि बोललं तर मागच्या बाकावरून हशा. दहा मिनिटं शांतता. मग सर स्वतःच उत्तर सांगतात आणि मनात ठरवतात, आपली मुलं या लायकीची नाहीत.

यात मुलांचा दोष नाही आणि केस पद्धतीचाही नाही. सरांनी दुसऱ्याची शैली अंगावर घातली, ती मापाची नव्हती, एवढंच.

याच आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांचं उदाहरण इथे जास्त कामाचं आहे. १९७२ मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं, पण संस्था सोडली नाही; साधे प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ च्या सुमारास राजस्थानातल्या जवाजा या दुष्काळी भागात विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्या कुटुंबांबरोबर त्यांनी काम सुरू केलं. व्यवस्थापन कारखान्याबाहेर, गावात कसं शिकलं-शिकवलं जाईल हे त्यांना पाहायचं होतं. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित बिझनेस स्कूलच्या माणसाला आपली पद्धत पुन्हा शून्यातून शोधायला लागली, तर आपल्या कॉलेजातल्या नव्या प्राध्यापकाला ती आयती मिळेल अशी अपेक्षा का धरावी?

मग जालन्यातला तास कसा असेल?

समजा, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला कॉस्ट अकाउंटिंगचा तास आहे. धडा : स्थिर खर्च आणि बदलता खर्च. पुस्तकातली व्याख्या दोन ओळींची आहे आणि ती पाठ करायला पाच मिनिटं पुरतात.

त्याऐवजी आदल्या दिवशी सांगायचं, घरचं महावितरणचं बिल घेऊन या. फोटोही चालेल. वर्गात पहिला प्रश्न : समजा तुमचं सगळं घर महिनाभर गावाला गेलं आणि मेन स्विच बंद होता. बिल शून्य येईल का? निम्मी मुलं ‘हो’ म्हणतील. मग बिल वाचायला लावायचं. ‘स्थिर आकार’ नावाची ओळ तिथे छापलेलीच आहे. त्याखाली ‘वीज आकार’, ‘वहन आकार’. कुठली ओळ युनिटबरोबर हलते, कुठली हलत नाही? वीज आकाराचा दर शंभर युनिटनंतर बदलतो, मग तो सरळ रेषेत हलतो का? इथपर्यंत येताना ‘निम-बदलता खर्च’ ही पुस्तकातली तिसरी, सर्वांना छळणारी संकल्पना मुलांनीच शोधून काढलेली असते.

आता पुढची पायरी, जिथे जालना कामाला येतं. इथल्या स्टील कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून त्यापासून सळई तयार होते. या धंद्यात कच्च्या मालानंतरचा मोठा खर्च म्हणजे वीज. कारखान्याच्या बिलात घरच्या ‘स्थिर आकारा’च्या जागी ‘मागणी आकार’ असतो. कंपनीने जेवढ्या मागणीचा करार केला आहे तिच्या हिशेबात तो लागतो, भट्टी थंड असली तरी. शिवाय दिवसाच्या कोणत्या वेळी वीज वापरली यावर दर बदलतो. मुलांना विचारायचं : सळईचा भाव इतका पडला आहे की प्रत्येक टनामागे तोटा होतोय. मालकाने भट्टी बंद ठेवावी की तोट्यात चालवावी?

वर्ग दोन तट पडेल. पडायलाच हवा. कारण उत्तर ‘तोटा आहे म्हणून बंद’ इतकं सरळ नाही. बंद ठेवली तरी मागणी आकार, व्याज आणि कायम कामगारांचा पगार चालूच असतो. भाव जोवर भंगार, युनिटची वीज आणि इतर बदलता खर्च भागवून वर चार पैसे टाकतो आहे, तोवर चालवणं कमी तोट्याचं. त्या वरच्या चार पैशांनाच पुस्तकात ‘अंशदान’ म्हणतात. वर्गात एखाद्याचे वडील किंवा काका मिलमध्ये असतातच. तो मुलगा, जो एरवी वर्षभर तोंड उघडत नाही, त्या दिवशी शिक्षकाला दुरुस्त करतो. शिक्षकाने ती दुरुस्ती कशी घेतली, यावर पुढचं अख्खं सत्र ठरतं.

असाच दुसरा प्रश्न मोंढ्यातला. २०१६ मध्ये राज्य सरकारने नियम केला की फळं आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची. मोसंबीच्या पट्टीवरून ती ओळ गेली. पण मग अडतीचा भार शेतकऱ्याच्या डोक्यावरून खरंच उतरला, की खरेदीदाराने बोली तेवढी खाली आणली? अर्थशास्त्रात याला कराचा भार कोणावर पडतो हा प्रश्न म्हणतात आणि त्यावर मागणी-पुरवठ्याच्या आडव्या-तिरप्या रेषा काढतात. घनसावंगीच्या मुलीला या रेषा नंतर काढायला सांगा. आधी तिला विचारा, माल नाशवंत आहे, गाडी मोंढ्यात उभी आहे, परत नेणं परवडत नाही, अशा वेळी वाकायचं कोणी? ती बरोबर सांगेल. मग रेषा काढा. ज्याच्याकडे थांबण्याची सोय कमी, त्याच्यावर भार जास्त, हे तत्त्व ती आयुष्यभर विसरणार नाही.

रेशीम कोषांचा बाजारही तसाच. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये कोष खरेदी सुरू झाली. त्याआधी इथले रेशीम शेतकरी माल घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात. कोष फार दिवस ठेवता येत नाहीत. आतला पतंग कोष फोडून बाहेर आला की धागा सलग निघत नाही, आणि तोवर वजनही घटत जातं. जवळ बाजार आल्याने शेतकऱ्याचं नेमकं काय वाचलं? भाडं, वजन, वेळ, की भाव न पटल्यास माल परत नेण्याची ताकद? मार्केटिंगच्या पुस्तकातला ‘प्लेस’ नावाचा ‘पी’ या एका प्रश्नात संपतो.

आणि बियाण्यांची गोष्ट तर जालन्याच्या दारातलीच. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महिको उभी केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. वर्गात ही गोष्ट सहसा प्रेरणादायी भाषण म्हणून येते : लहान गावातला माणूस, मोठं स्वप्न वगैरे. त्यात शिकण्यासारखं थोडं आहे. प्रश्न म्हणून ठेवली तर मात्र बरंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरचं बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याने दरवर्षी पैसे मोजून पाकीट का घ्यावं? संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक तसंच येत नाही, हे जीवशास्त्र झालं. पण डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन पाकिटांपैकी हेच खरं, हे शेतकऱ्याला पेरणीआधी कसं कळणार? कळून चुकतं तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. ब्रँड, हमी, डिलरचं जाळं, सरकारी प्रमाणीकरण हे सगळे धडे त्या पाकिटात आहेत.

यांपैकी कुठलंही उदाहरण वीस पानांत लिहायची गरज नाही. एका पानावर, मराठीत, वर्गातच दहा मिनिटांत वाचून होईल असं. शिक्षकाने वर्षाला अशी चार पानं तयार केली तरी पाच वर्षांत वीस होतात. आणि ती युट्यूबवर मिळत नाहीत.

भाषेचं काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पेपरांत इंग्रजी शब्द येणारच, नोकरीतही लागणार. त्यामुळे ‘सगळं मराठीतच’ हा हट्ट उपयोगाचा नाही. पण डेबिट आणि क्रेडिट शिकवताना ‘व्हॉट कम्स इन, व्हॉट गोज आउट’ हे सूत्र घोकून घेणाऱ्या शिक्षकाला माहीत असायला हवं की त्याच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी घरी किंवा दुकानात ‘नावे’ आणि ‘जमा’ हे शब्द ऐकलेले आहेत. जुन्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावणी होतीच. ‘वर्किंग कॅपिटल’ला मराठीत ‘खेळतं भांडवल’ म्हणतात. पैसा एका जागी बसला नाही पाहिजे, खेळला पाहिजे, हा त्या संकल्पनेचा गाभा शब्दातच आहे. इंग्रजी शब्दात तो नाही.

उलटही खरं आहे. ‘ब्रेक-इव्हन’ला पाठ्यपुस्तकातला ‘समविच्छेद बिंदू’ हा शब्द मुलाला इंग्रजीपेक्षा परका. तिथे सरळ ‘खर्च निघतो ती जागा’ म्हणावं आणि पुढे जावं. कुठे मराठी, कुठे इंग्रजी, कुठे जालन्याची दखनी वळणाची हिंदी, हा मेळ प्रत्येक शिक्षकाचा वेगळा बसतो. तो बसवणं हाही शैलीचाच भाग.

पण परीक्षेत तर व्याख्याच विचारतात…

हा आक्षेप प्रामाणिक आहे. पेपर व्याख्या विचारतो, मुलं व्याख्या मागतात. मात्र अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शिक्षकाच्या हातात असतात, तिथे बिलाचा किंवा मोंढ्याचा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक आले आहेत. मुलं मिलमध्ये, अडत दुकानात, सीएच्या कार्यालयात जाणार. ते काम नुसतं शिक्का मारलेल्या प्रमाणपत्रावर उरकलं, तर एक चांगली संधी फाईलमध्ये जाईल. परत आलेल्या प्रत्येक मुलाकडून ‘तिथे कोणता निर्णय कठीण होता?’ एवढं एक पान लिहून घेतलं, तर पुढच्या वर्षीची उदाहरणं तयार.

शिक्षकाला हे शिकवतं कोण?

खरं उत्तर : जवळजवळ कुणीच नाही. शाळेत शिकवायचं तर डीएड किंवा बीएड लागतं, पहिली ते आठवीला टीईटीही. वर्गासमोर उभं राहून सराव पाठ घ्यावे लागतात. कॉलेजात वाणिज्य शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी हवी. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्नांपैकी ५ ‘अध्यापन अभियोग्यते’वर असतात, तेही चार पर्यायांचे. म्हणजे सहावीच्या मुलाला सरासरी शिकवण्यासाठी प्रशिक्षण अनिवार्य आणि वीस वर्षांच्या मुलाला भांडवल अंदाजपत्रक शिकवण्यासाठी पाच पर्यायी प्रश्न. नंतर पदोन्नतीसाठी उद्बोधन वर्ग, एफडीपी करावे लागतात, पण त्यांत बहुधा शिकवण्यावरचं व्याख्यानच ऐकायला मिळतं.

त्यामुळे पद्धत घडवायचं काम शिक्षकावर एकट्यावर पडतं. त्यासाठी फार साधनं लागत नाहीत. आपला एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐकणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडू औषध. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांतल्या तासांची अशीच रेकॉर्डिंग तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतः बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद! वर्गासमोर उभं राहून मोजून पाहा, ते केवढे मोठे वाटतात.

दुसरं, सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसणं. आपल्याकडे दुसऱ्याच्या तासाला कुणी आलं की तपासणी आली असं वाटतं. दोन मित्रांनी आपसांत ठरवून, कागद न रंगवता, एकमेकांचे तास पाहिले तर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त हाती लागेल. आणि एका सत्रात एकच गोष्ट बदलावी. यंदा सुरुवातीचा प्रश्न, पुढच्या सत्रात चुकीच्या उत्तराला द्यायचा प्रतिसाद. सगळं एकदम बदलायला गेलेले शिक्षक दिवाळीपर्यंत स्लाइडवर परत येतात.

एक इशारा. उदाहरणाच्या मोहात विषय हरवू शकतो. मोंढ्याच्या गप्पा रंगल्या, हशा पिकला, आणि अंशदानाचं गणित एकालाही सोडवता आलं नाही, तर तो जालन्याचा डॉ. फॉक्स झाला. तास संपताना मुलांना वहीच्या पानावर दोन ओळी लिहायला लावाव्यात : आज काय कळलं, काय नाही. ती पानं घरी नेऊन वाचली की आपल्या शैलीचं खरं सर्वेक्षण हातात येतं.

अडचण नेमकी कुठे आहे?

आतापर्यंतचं सगळं शिक्षकाच्या हातातलं होतं. जे त्याच्या हातात नाही ते असं. आपल्या वरिष्ठ महाविद्यालयांत मंजूर पदं रिक्त राहतात आणि तास चालतात ते घड्याळी तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी शिक्षकांवर. त्यांना पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. मिलमध्ये जाऊन बिल समजून घेण्याचे, अडत्याशी बोलण्याचे, एक पान लिहिण्याचे, दोन ओळींच्या साठ चिठ्ठ्या वाचण्याचे मिळत नाहीत. सकाळी एका गावात तीन तास आणि दुपारी दुसऱ्या गावात दोन, मधे एसटी. अशा माणसाला ‘स्वतःची शैली विकसित करा’ म्हणून सांगणं सोपं आहे, त्याच्या खिशातून.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली. उद्योगातल्या अनुभवी माणसाला पीएचडी नसतानाही शिकवता यावं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. जालन्यासारख्या शहराला याचा उपयोग होऊ शकतो. पण ज्याने चाळीस वर्षं बियाणं विकलं त्याला ते शिकवता येईलच असं नाही. त्याच्या शेजारी प्रश्न विचारणारा शिक्षक हवा. दोघांनी मिळून एक तास घ्यायचा तर दोघांच्याही तासाचे पैसे द्यावे लागतील, आणि आजच्या तासिकेच्या नोंदवहीत एका तासासमोर एकच सही बसते.

संस्थाचालकांनी आणि विद्यापीठाने ठरवलं तर सुरुवात फार खर्चाची नाही. प्रत्येक विषयाला सत्रातले चार-पाच तास ‘तयारीचे’ म्हणून मानधनासह मान्य करायचे आणि त्या बदल्यात शिक्षकाने लिहिलेलं एक पान कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करून घ्यायचं, लिहिणाऱ्याच्या नावासह. आज ते पान लिहिलं गेलंच तर शिक्षकाच्या पिशवीत राहतं. सीएचबीची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. पुढच्या वर्षी तोच विषय दुसऱ्या कुणाकडे जातो, आणि तो पहिल्या तासाला पुन्हा चौदा तत्त्वांपासून सुरुवात करतो.